वरणाचं पाणी आणि गुरगुट्या भात: बाळाच्या आहारात आईची माहिती नेमकी कुठे कमी पडते

अंगणवाडीच्या कामावर नव्याने रुजू झालेल्या एका पर्यवेक्षिका ताईंचा प्रश्न असा: "गावातल्या आयांना विचारलं की उत्तरं बरोबर येतात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, सातव्या महिन्यापासून वरचं खाणं, सगळं पाठ आहे. तरीही सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत असलेली बाळं वर्षाची होईतो मागे पडतात. मग कमी काय पडतं, माहिती की पैसा? आणि गृहभेटीला गेल्यावर नेमकं काय सांगायचं?"

ताई, पैसा कमी पडतो तिथे पडतोच. पण दोन वेळची चूल पेटणाऱ्या घरातही हेच घडतं, आणि तिथे उणीव माहितीचीच असते. मात्र आपण जी माहिती तपासतो ती ही नव्हे. आपण विचारतो, "वरचं खाणं कधी सुरू करायचं?" आई म्हणते, "सहा महिने पुरे झाल्यावर." तिला पैकीच्या पैकी गुण. पण ते किती दाट हवं, एका वेळी किती, दिवसातून किती वेळा आणि वरून तेल किती, हे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. आईला पदार्थांची नावं माहीत असतात, मापं माहीत नसतात. बाळाचं वजन मापावर वाढतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, 25.6 टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि 36.1 टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्याच पाहणीनुसार देशभरात 6 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम 11 टक्के. यातली बहुतेक घसरण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात होते. अंगावरचं दूध एकटं पुरत नाही आणि घरचं ताट अजून झेपत नाही, असा हा काळ. तुमच्या भेटींचा सगळा भर याच महिन्यांवर हवा.

आता दाटपणाचं बघू, कारण मुख्य गोम तिथेच आहे.

सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी फार तर दोनशे मिलिलिटर मावतं. किलोमागे साधारण तीस मिली असा हिशेब. एवढ्याशा जागेत काय भरायचं, हा खरा प्रश्न. वरणाच्या पाण्याने ती जागा भरली तर बाळ पोटभर जेवल्यासारखं दिसतं, रडत नाही, झोपतं, पण अंगी काहीच लागत नाही. डाळीतलं सत्त्व पाण्यात उतरतं अशी समजूत गावोगाव आहे. प्रत्यक्षात डाळीतली प्रथिनं तळाशी बसलेल्या गाळात राहतात आणि वरची निवळ बाळाला जाते. भाताच्या पेजेचंही तेच.

खिचडीचं उदाहरण घ्या. दोन भरलेले मोठे चमचे तांदूळ (सुमारे 30 ग्रॅम) आणि एक मोठा चमचा मूगडाळ (सुमारे 15 ग्रॅम). यात साधारण 155 कॅलरी. चौपट पाण्यात कुकरला मऊ शिजवली, वरून लहान चमचाभर तेल घातलं, की सुमारे 200 ग्रॅम खिचडी आणि 200 कॅलरी, म्हणजे ग्रॅमला एक. तेच तांदूळ, तीच डाळ, पण "बाळाला पातळच बरं" म्हणून 400 मिली पाणी घातलं आणि तेल नाही घातलं, तर भांडंभर खिचडी होते आणि ग्रॅममागे कॅलरी उरते एक तृतीयांशच्या आसपास. बाळाने दोन्हीकडे सव्वाशे मिलीच खाल्ली, तर एकीकडे सव्वाशे कॅलरी पोटात गेल्या, दुसरीकडे चाळीस-पंचेचाळीस. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर नीट पिणाऱ्या बाळाला वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. पातळ खिचडीवर तेवढ्या भरायच्या तर दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून जास्त पाजावी लागेल. ते कुठल्याच बाळाला जमणार नाही.

आई पातळ का करते, हे समजून घेतल्याशिवाय तिला "दाट करा" म्हणू नका. तिला ठसका लागण्याची धास्ती असते. सासूबाई सांगतात, जड पचत नाही, पोट लागतं. आणि पातळ पटकन भरवून होतं, हेही आहेच, कारण साडेआठला खुरपणीला निघायचं असतं. यातलं एकही कारण वेडगळ नाही. फक्त "दाट" म्हणजे "घट्ट, कडक" असं ती धरून चालते. तिथे गुरगुट्या भात हा शब्द वापरा, प्रत्येक घरात तो कळतो: पूर्ण शिजलेला, पळीने घोटलेला, शीत वेगळं दिसत नाही असा. खिमट ज्या घरात माहीत आहे तिथे खिमट म्हणा.

चमच्याची परीक्षा तिच्या समोर करून दाखवा. शिजलेलं चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. धार लागली तर पातळ आहे. तसंच चिकटून बसलं तर फार घट्ट, बाळ तोंडात घोळवत बसेल. हळूच घसरत गोळ्याने पडलं तर बरोबर. ही परीक्षा आईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्यातल्या अन्नावर केली पाहिजे. तक्त्यावरचं चित्र दाखवून हे होत नाही.

नाचणी किंवा गव्हाची लापशी दाट केली की ती गोंदासारखी होते आणि मग आई पुन्हा पाणी ओतते. यावर घरचाच उपाय आहे: मोड आणलेल्या धान्याचं पीठ. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्यायचे, खडखडीत वाळवायचं आणि न भाजता किंवा अगदी हलकं परतून दळायचं. दाट लापशी शिजली की चुलीवरून उतरवून थोडी निववायची, त्यात हे पीठ लहान चमचाभर घालून दोन-तीन मिनिटं ढवळायचं. डोळ्यांदेखत ती सैल होते, पाण्याचा थेंबही न घालता. मग पुन्हा एक उकळी द्यायची. मोडांमधला पाचक घटक पिठूळपणा मोडतो म्हणून हे होतं. जास्त भाजलं किंवा उकळत्या लापशीत टाकलं तर तो घटक मरतो आणि काहीच घडत नाही. "आम्ही केलं, जमलं नाही" म्हणणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच असते. ज्वारी यासाठी घेऊ नका, तिच्या कोवळ्या कोंबांत विषारी अंश असतो.

जाता जाता नाचणी सत्त्वाविषयी. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं सत्त्व काढतात ते दिसायला सुरेख असतं, पण तो मुख्यतः स्टार्च. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि त्यातला मोठा भाग सालीबरोबर फडक्यात राहून गुरांना जातो. मोड आणून सालीसकट बारीक दळलेलं पीठच द्यावं.

तेलाचा मुद्दा आयांना सर्वांत नवा वाटतो. लहान चमचाभर तेलात किंवा तुपात सुमारे 40 कॅलरी असतात आणि जागा जवळजवळ लागतच नाही. साजूक तूप परवडत नाही म्हणून काहीच घालत नाही, अशी घरं कमी नाहीत. त्यांना स्पष्ट सांगा: फोडणीचं शेंगदाणा, सोयाबीन, करडई, घरात असेल ते तेल चालतं. प्रत्येक वाटीला एक लहान चमचा, शिजल्यावर वरून. "तेलाने खोकला होतो" हे उत्तर हमखास येईल. वाद घालू नका. तीन दिवस अर्धा चमचा घालून बघा म्हणा.

आता मापं. सातव्या महिन्यात दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, आणि आठवा संपेपर्यंत एका वेळी 125 मिली, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत तेवढंच किंवा थोडं जास्त, पण तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. या वयात वरच्या खाण्यातून सुमारे 300 कॅलरी हव्यात. वर्षानंतर एका वेळी पाऊण ते पूर्ण 250 मिली, तीन-चार वेळा आणि दोनदा खाऊ. गरज एकदम साडेपाचशेवर जाते. ही उडी कोणी सांगत नाही, त्यामुळे दीड वर्षाचं मूल नऊ महिन्यांच्या मापावरच राहतं. अंगावर पाजणं दोन वर्षांपर्यंत चालूच.

पण "एक वाटी" म्हणजे किती? कोणाकडे आमटीची शंभर मिलीची वाटी, कोणाकडे डावभर मावणारी. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी चार वाट्यांत सारखं ओता. एका वाटीत 125 मिली आलं. ती पातळी आईला बोटाने दाखवा, खूण करा, आणि ती वाटी बाळाची म्हणून वेगळी ठेवायला सांगा. वेगळ्या वाटीचं महत्त्व फार आहे. मोठ्यांच्या ताटातून घास-घास भरवलेलं बाळ दिवसभर काहीतरी खात असतं, आणि त्याने किती खाल्लं हे संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही. घरातली चार माणसं प्रत्येकी दोन घास भरवतात आणि प्रत्येकाला वाटतं, खूप खाल्लं.

वाटीत काय असावं यावर थोडक्यात, कारण हे तक्त्यांवर असतंच. आहारगट आठ धरतात: आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-शेंगदाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडं, पिवळी-नारिंगी फळं व गडद हिरव्या भाज्या, आणि बाकी फळं-भाज्या. रोज किमान पाच गट पोटात जावेत. भात-वरण-बटाटा आणि अंगावरचं दूध असे तीनच गट हे गावातलं नेहमीचं चित्र. चौथा-पाचवा गट स्वस्तात आणायचा तर शेंगदाण्याचा कूट (बारीक, अख्खा दाणा कधीच नाही, श्वासनलिकेत अडकतो, बुरशीचा, कडवट दाणा फेकून द्यायचा), शेवग्याचा किंवा कुठलाही पाला डाळीतच घोटून, पिकलेली पपई, लाल भोपळा. अंडं खाणाऱ्या घरात सातव्या महिन्यापासून पूर्ण उकडलेलं, आधी अर्धं आणि मग पूर्ण, बलकासकट कुस्करून द्यायला हरकत नाही. "उष्ण पडतं" म्हणून दोन-दोन वर्षं अंडं न देणारी घरं आहेत, आणि त्याच अंगणात कोंबड्या फिरत असतात. ते पाहून जीव तुटतो.

लोहाचं मात्र खाण्यावर सोडू नका. जन्मताना मिळालेला साठा सहा महिन्यांत संपतो, आईच्या दुधात लोह अगदी थोडं, आणि ज्वारी-बाजरीतलं लोह शरीर फार थोडं घेतं. म्हणून सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा 1 मिली लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप. शी काळी होते म्हणून बाटली फडताळात पडून राहते; काळी शी होणारच, हे बाटली देतानाच सांगा. दुधाबरोबर देऊ नका. बाळ आजारी किंवा तीव्र कुपोषित असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डाळीवर लिंबाचे चार थेंब पिळले तर खाण्यातलं लोह जास्त लागू पडतं. चहाने उलट होतं.

आणि चहा-बिस्किटावर थांबलंच पाहिजे. पाच रुपयांचा पुडा आणि बशीतला चहा ही बाळाची न्याहारी झाली आहे, कारण रडणं लगेच थांबतं आणि आजीला चूल पेटवावी लागत नाही. साखरेने भूक मरते, मग दुपारची वाटी बाळ ढकलतं, आणि आई म्हणते, "खातच नाही हो." भूक न लागण्याची तक्रार आली की टॉनिकआधी हे विचारा: जेवणाच्या आधीच्या दोन तासांत तोंडात काय गेलं? वरच्या दुधाचंही तसंच. निम्मं पाणी घातलेलं गाईचं दूध बाटलीने दिवसभर चोखणाऱ्या बाळाला भूक लागत नाही, रक्त कमी होतं आणि बाटलीतून जुलाब लागतात ते वेगळेच. वर्षाच्या आत गाईचं दूध अन्नात कालवायला ठीक, पोट भरायला नको.

भरवणं हीही शिकवायची गोष्ट आहे. बाळाला मांडीवर आडवं घेऊन, नाक दाबून ओतणं अजून चालतं. बसवून, समोर बसून, डोळ्यांत बघत, थांबत थांबत भरवायचं. पहिल्यांदा जिभेने बाहेर ढकललं तर ते नकोसं झालेलं नसतं, जीभ अजून शिकतेय. तीच चव आठ-दहा वेळा देऊन बघावी. दात नसले तरी हिरड्यांनी चावता येतं. नवव्या महिन्यापर्यंत बारीक गुठळीचं आणि हातात धरून खायचं मऊ काही सुरू झालं नाही, तर पुढे मूल सगळं मिक्सरमधलंच मागतं.

सहा महिन्यांच्या आतल्या चुका कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. चीक आता बहुतेक ठिकाणी पाजतात. गुटी, मध, उन्हाळ्यात पाणी हे अजून आहे. आईच्या दुधात अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं, विदर्भाच्या उन्हातही वेगळं लागत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. "दूध पुरत नाही" म्हणणाऱ्या आईला दोनच गोष्टी विचारा: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि वजन वाढतंय का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर दूध पुरतंय. नसेल तर आधी बाळाने स्तन तोंडात नीट धरलाय का ते बघा.

जुलाब किंवा तापात खाणं बंद करणं ही दुसरी मोठी गळती. आठ दिवसांच्या दोन आजारपणांत महिन्याची वाढ जाते. अंगावर पाजणं वाढवायचं, मऊ खाणं थोडं थोडं चालू ठेवायचं, जुलाबात ओआरएस (एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं) आणि झिंक 14 दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10 मिलिग्रॅम, त्यापुढे 20. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की झिंकही थांबतं, ही नेहमीची चूक. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

हे सगळं आईला सांगून भागत नाही, कारण दिवसा बाळाजवळ आई नसते. कापूस वेचणीत, ऊसतोडीत, रोजगार हमीवर ती सकाळी जाते आणि भरवते आजी, नाहीतर आठ वर्षांची बहीण. सहाला शिजवलेलं अकराला खाल्लं तर पोट बिघडतं. त्यासाठी भाजलेलं पीठ करून ठेवायला शिकवा: चार भाग गहू किंवा तांदूळ, दोन भाग मूगडाळ, एक भाग शेंगदाणे, वेगवेगळं खमंग भाजून दळलेलं. तीन भरलेले मोठे चमचे पीठ, सव्वाशे मिली पाणी, पाच मिनिटं शिजवायचं, वर चमचाभर तेल आणि सुपारीएवढा गूळ. सुमारे 170 कॅलरीची वाटी आजीच्याही हाताने होते. शेंगदाण्याने पीठ खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच करायचं. घरपोच आहाराचं पाकीट मिळत असेल तर तेही याच पद्धतीने शिजवून बाळालाच द्यायचं, घरभर वाटायचं नाही. आई बाहेर जाताना दूध काढून ठेवणार असेल तर स्वच्छ वाटीत, झाकून, सावलीत, आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने.

म्हणून गृहभेट दुपारची ठेवू नका. सकाळी सात किंवा संध्याकाळची, जेव्हा सासू-सून दोघी घरात असतात. आशाताईंच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी ठरलेल्या आहेत. त्यातल्या नवव्या महिन्याच्या भेटीला शक्य तर सोबत जा, घसरण तेव्हाच पकडता येते. "काय काय खायला देता?" असं विचारू नका, तक्त्यावरचंच उत्तर येईल. "काल सकाळी उठल्यापासून सांगा. आधी काय? कशात दिलं? वाटी दाखवा. इथपर्यंत होतं? सगळं संपवलं? कोणी भरवलं?" असं कालचा दिवस उलगडत न्या. दहा मिनिटांत कळतं की फट पातळपणात आहे, वेळांत आहे, की भरवणाऱ्यात. मग एकच गोष्ट बदलायला सांगा, फार तर दोन. चौदा गोष्टी सांगितल्या की आई मान डोलावते आणि एकही करत नाही. सासूबाईंच्या तोंडून ते कबूल करून घेतलं तर अर्धं काम झालं. त्यांच्या हाताने तेल घालवून घ्या.

पंधरा दिवसांनी परत जा. दुसऱ्या सहामाहीत बाळाचं वजन महिन्याला साधारण पाव किलो वाढायला हवं, दुसऱ्या वर्षात दोनशे ग्रॅमच्या आसपास. बदल नीट झाला असूनही दोन महिने वजन हललं नाही, तर सल्ला पुन्हा देऊ नका. जुनाट खोकला, घरातला क्षयरोग, लघवीचा संसर्ग, जन्मतःचा हृदयदोष असं काही असू शकतं, डॉक्टरांनी बघायला हवं. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली आला की मध्यम आणि 11.5 च्या खाली आला की तीव्र कुपोषण. तीव्र असून भूक चांगली आणि दुसरा आजार नाही, तर गावातल्या बालविकास केंद्रात उपचार होतात. भूक मेलेली, दोन्ही पायांवर सूज, सतत उलट्या, ताप किंवा सुस्ती यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना भरती करून उपचार करणाऱ्या रुग्णालयातल्या केंद्रात. सूज दिसत नसेल तर दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा; सोडल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला तर गाडी बोलवा, वजनकाटा काहीही म्हणो. सुजेच्या पाण्याने वजन वाढलेलंच दिसतं.